फेरी छोटी, वाहन हलके: निवड कशी करावी

गिरणीतून दळण आणायचे, भाजी घ्यायची, मुलीला क्लासला सोडायचे, बँकेत जाऊन यायचे, मेट्रो स्टेशन किंवा पीएमपीच्या बसचा थांबा गाठायचा. शहरातल्या घराच्या कितीतरी फेऱ्या अशा एक ते पाच किलोमीटरच्या असतात. त्यासाठी आपण शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर काढतो आणि पाऊस असला की आठशे-हजार किलोची मोटार. एका माणसाला आणि एका पिशवीला हलवायला एवढे लोखंड लागत नाही. या फेऱ्यांसाठी साधी सायकल, बॅटरीवरची सायकल किंवा कमी वेगाची छोटी ई-स्कूटर पुरेशी असते. मात्र ती विचारपूर्वक घेतली तरच रोज वापरली जाते. नाहीतर जिन्याखाली धूळ खात पडते. निवड नीट व्हावी म्हणून हा लेख. उदाहरणे पुण्याची घेतली आहेत, कारण एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात २०१८ मध्ये नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येपुढे गेली. नाशिक, ठाणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या वाचकांनाही हाच हिशोब लागू पडेल.

आधी फेऱ्या लिहून काढा

दुकानात जाण्याआधी एक आठवडा घरातल्या प्रत्येकाच्या फेऱ्या वहीत लिहा. कुठे गेलो, किती अंतर, सोबत किती सामान, बरोबर कोण होते, वाटेत चढ किती, गाडी कुठे लावली, एवढे पुरे. आठवड्याअखेर यादी पाहिली की पाच किलोमीटरच्या आतल्या आणि एकट्याने केलेल्या फेऱ्या वेगळ्या काढा. नवे वाहन फक्त या फेऱ्यांसाठी घ्यायचे आहे. वर्षातून चारदा करायच्या लोणावळ्याच्या सहलीचा किंवा पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्याचा विचार त्यात मिसळला की हमखास गरजेपेक्षा मोठे वाहन घेतले जाते. त्या चार वेळांसाठी रिक्षा, बस किंवा घरातली जुनी गाडी आहेच.

वेळेची धास्ती अनेकांना वाटते. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक लागतात. म्हणजे मोटारीचा वेग ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास आला. घाई न करता चालवलेली सायकल ताशी बारा ते पंधरा किलोमीटर जाते. तीन किलोमीटरच्या फेरीत फरक पडतो तो दोन ते पाच मिनिटांचा, आणि लक्ष्मी रस्त्यावर किंवा मंडईजवळ मोटार लावायला जागा शोधताना तेवढी मिनिटे सहज जातात.

कोणत्या फेरीला कोणते वाहन

रस्ता बऱ्यापैकी सपाट, अंतर तीन किलोमीटरच्या आत आणि सामान पाच-सात किलो असेल तर साधी सायकल सर्वांत चांगली. तिला चार्जिंग नको, कागदपत्रे नकोत, आणि बिघाड झाला तर कोपऱ्यावरचा सायकलवाला दुरुस्त करून देतो. साधारण आठ ते पंधरा हजारांत उत्तम सायकल मिळते.

अंतर पाच-सात किलोमीटरपर्यंत जात असेल, वाटेत चढ असेल, किंवा कामाच्या ठिकाणी घामाघूम होऊन पोहोचणे चालणार नसेल, तर बॅटरीवरची सायकल घ्या. डेक्कनवरून कोथरूडमार्गे चांदणी चौकाकडे जाणारा पौड रस्ता किंवा कात्रजकडे चढत जाणारा सातारा रस्ता ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांना या मोटरची खरी किंमत कळेल. साठीनंतर पुन्हा सायकल सुरू करणाऱ्यांनाही ती फार उपयोगी पडते, कारण थांबून निघताना गुडघ्यावर येणारा जोर मोटर उचलते.

सामान जास्त असेल, पायडल मारणे शक्य नसेल किंवा साडी नेसून रोज जायचे असेल तर कमी वेगाची ई-स्कूटर सोयीची. पण ही वजनदार असते, जिन्यावरून वर नेता येत नाही आणि चार्जिंगची जागा खालीच हवी.

उभे राहून चालवायची, लहान चाकांची घडीची ई-स्कूटर दिसायला आकर्षक असते. तिची चाके आठ-दहा इंचांची. आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यात मोठे चाक वरून निघून जाते, तर लहान चाक आत अडकते आणि चालवणारा पुढे फेकला जातो. मोठ्या वसाहतीच्या किंवा आयटी पार्कच्या आवारात ती ठीक आहे. सार्वजनिक रस्त्यासाठी मी ती सुचवणार नाही. ज्येष्ठांसाठी मिळणाऱ्या तीनचाकी सायकलीबाबतही एक सावधगिरी: उभी असताना ती पडत नाही, पण वेगात वळवली तर एका बाजूला कलंडते. वळणाआधी वेग अगदी कमी करण्याची सवय आधी मैदानात लावा.

सायकल घेताना

दुकानात सर्वांत पुढे मांडलेल्या असतात त्या जाड टायरच्या, पुढे-मागे सस्पेन्शन असलेल्या डोंगरी सायकली. शहरातल्या फेऱ्यांसाठी त्या टाळा. स्वस्त सस्पेन्शन सायकलचे वजन वाढवते, आणि पायडलला दिलेला थोडा जोर ते दाबण्यात वाया जातो. शहरासाठी न हलणारा साधा पुढचा फोर्क, ३२ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे टायर, दोन्ही चाकांना मडगार्ड, मागे मजबूत कॅरिअर, चेन झाकणारे कव्हर आणि स्टँड असलेली सायकल मागा. फार गिअर लागत नाहीत. सपाट भागात एकही नसला तरी चालते, चढावर सहा-सात पुरतात.

मधला दांडा खाली उतरलेली फ्रेम आपण फक्त मुलींसाठी समजतो. कॅरिअरवर मुलाची सीट किंवा दळणाचा डबा असताना पाय मागून फिरवून चढणे कोणालाच जमत नाही, म्हणून ही फ्रेम घरातल्या सगळ्यांना सोयीची. एकच सायकल चौघांनी वापरायची असेल तर हीच घ्या. साडी, ओढणी किंवा पायघोळ कपडे असतील तर मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. ओढणी तारांमध्ये अडकून होणारे अपघात गंभीर असतात, आणि ती जाळी थोड्या खर्चात बसते.

सीटची उंची दुकानातच ठरवा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग पंजाने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली ठेवून चालवल्याने गुडघे दुखतात आणि लोक सायकलला दोष देतात. ज्यांना नव्याने शिकायचे आहे त्यांनी पहिले काही दिवस दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि तोल आला की हळूहळू वर घ्यावी.

बॅटरी आणि कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरीवरच्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असते, ती मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी, परवाना, विमा यांची सक्ती नाही. ब्रेक मात्र योग्य हवेत आणि पुढे पांढरा, मागे लाल परावर्तक हवा. ही सवलत आपोआप मिळत नाही. त्या मॉडेलची चाचणी अधिकृत संस्थेकडून झालेली असावी लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही अशीच एक संस्था. विकत घेताना मॉडेलच्या नावासह चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि बिलासोबत ठेवा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरे दुकान गाठा.

एक गोष्ट अजिबात करू नका. काही ठिकाणी कंट्रोलरची एक वायर काढून वेग चाळीस-पन्नासवर नेऊन देतात. त्या क्षणी ती गाडी कायद्याने मोटार वाहन होते, आणि तुमच्याकडे ना नोंदणी असते, ना विमा. राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाई केली होती. त्याहून मोठा धोका म्हणजे ब्रेक, टायर आणि फ्रेम ताशी २५ किलोमीटरच्या हिशोबानेच बनवलेले असतात.

परवाना लागत नाही म्हणून शाळकरी मुलाच्या हाती ई-स्कूटर देऊ नका. पन्नास सीसीच्या बिनगिअरच्या दुचाकीलाही कायदा सोळा वर्षांची अट घालतो. घरात तीच अट आपणहून पाळावी. विम्याची सक्ती नसली तरी आपल्या धक्क्याने कोणी जखमी झाले तर जबाबदारी आपली असते. निदान स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा उतरवा.

बॅटरीचा खरा हिशोब

जाहिरातीत एका चार्जिंगला पन्नास-साठ किलोमीटर लिहिलेले असते. तो आकडा सपाट रस्ता, हलका चालक आणि सतत मारलेले पायडल धरून काढलेला असतो. त्याचा साठ-पासष्ट टक्के भाग खरा धरा. तुमची रोजची फेरी आठ किलोमीटरची असेल तर लहान बॅटरीही पुरते; जास्त पैसे मोजून मोठी घेतली तर तिचे वजनही रोज वाहावे लागते.

विजेचा खर्च नगण्य आहे. मोटरवर चालवलेली सायकल किलोमीटरला साधारण पंधरा वॉट-तास खाते. चार्जरमधला तोटा धरून आणि युनिटला दहा रुपये धरूनही किलोमीटरला वीसेक पैसे होतात. पेट्रोलची स्कूटर गर्दीत लिटरला चाळीस किलोमीटर देते आणि पेट्रोल शंभरच्या पुढे आहे. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. पण हिशोब इथे थांबवू नका. बॅटरी बदलायला बारा हजार लागतील आणि ती पाचशे पूर्ण चार्जिंग टिकेल, प्रत्येक वेळी तीस किलोमीटर देईल असे धरले, तर बॅटरीची झीज किलोमीटरला ऐंशी पैसे होते. वीज आणि बॅटरी मिळून एक रुपया. पेट्रोलपेक्षा तरीही निम्म्याहून कमी, पण ‘फुकटात फिरा’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचे ऐकताना हा आकडा लक्षात असू द्या. साध्या सायकलला हे दोन्ही खर्च नाहीत.

म्हणून विकत घेताना बॅटरीबद्दल चार प्रश्न विचारा. तिची वॉरंटी किती वर्षांची आणि त्यात क्षमता घटणे धरले आहे का? बदली बॅटरीची आजची किंमत काय? ती काढून घरात नेता येते का? आणि तिचा पाण्यापासून बचाव किती? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आयपी क्रमांकात मिळते. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालते. क्रमांकाचा दुसरा आकडा ४ असेल तर फक्त शिंतोडे सोसते. जुलैमधला पुण्याचा पाऊस आणि रस्त्यात साचलेले पाणी पाहता हा फरक महत्त्वाचा आहे.

स्वस्त ई-स्कूटरमध्ये अजूनही शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. सगळ्या मिळून त्यांचे वजन चाळीस किलोच्या आसपास जाते, त्या वर नेता येत नाहीत आणि लिथियमपेक्षा फार लवकर बाद होतात. लिथियममध्ये लोह-फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी प्रकार थोडा जड असला तरी उष्णता जास्त सोसतो आणि अधिक वर्षे टिकतो. पर्याय असेल तर तो घ्या.

चार्जिंग घरात, सोसायटीत

बॅटरीसोबत आलेलाच चार्जर वापरा. फेरीवरून आल्यावर बॅटरी अर्धा तास निवू द्या, ओली असेल तर पुसून कोरडी करा, मगच लावा. चार्जिंग जागेपणी करा. पलंगाखाली, गादीवर, जिन्यात किंवा घराच्या एकमेव दारापाशी लावू नका. आग लागलीच तर बाहेर पडायची वाट तीच असते. बॅटरी फुगली, वेगळा वास आला किंवा हाताला चटका बसण्याइतकी तापली तर ती वापरणे त्याच क्षणी थांबवा. गावाला महिनाभर जायचे असेल तर ती अर्धी-पाऊण चार्ज करून सावलीत, कोरड्या जागी ठेवा.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि लिफ्ट नसलेल्या घरात काढता येणारी बॅटरी हाच निर्णायक मुद्दा आहे. सायकलची बॅटरी अडीच-तीन किलोची असते, ती भाजीच्या पिशवीबरोबर वर जाते. ई-स्कूटरसाठी खाली प्लग हवा असेल तर सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज द्या, अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग आणि वेगळा उपमीटर स्वतःच्या खर्चाने बसवण्याची तयारी दाखवा. बहुतेक विरोध विजेचे बिल कोण भरणार या शंकेतून येतो. मीटर लावला की तो प्रश्न मिटतो.

दुकानासमोर नव्हे, आपल्या वाटेवर चालवून पाहा

दुकानापुढच्या सपाट गल्लीत प्रत्येक गाडी छान चालते. विक्रेत्याला विनंती करून तुमच्या वाटेवरच्या सर्वांत अवघड चढावर ती नेऊन पाहा, आणि रोजचे सामान कॅरिअरवर बांधून न्या. चढाच्या मध्ये थांबा, पुन्हा निघा. बॅटरीच्या सायकलचा ब्रेक दाबताच मोटर बंद पडते का, ते तपासा. पायडल मारायला सुरुवात करताना मोटर हिसका देत असेल तर गर्दीत ती पुढच्या गाडीवर आदळू शकते. मग मोटर बंद करून अर्धा किलोमीटर नुसती पायडलवर चालवा. एखाद्या दिवशी वाटेत बॅटरी संपली तर घरी कसे पोहोचाल, हे तिथेच कळेल. शेवटी ती उचलून पाहा. पार्किंगमध्ये मागे-पुढे सरकवणे, दोन पायऱ्या चढवणे हे रोजचे काम आहे.

जुनी साधी सायकल घ्यायला हरकत नाही. चाक फिरवून लचक आहे का ते पाहा, पायडलचा दांडा धरून आडवा हलतो का ते बघा, फोर्क सरळ आहे याची खात्री करा. जुनी बॅटरीची सायकल मात्र बॅटरीचे वय बिलावरून कळत नसेल तर घेऊ नका.

रस्त्यावर

हलक्या वाहनाला स्वतःचे कवच नाही, म्हणून दिसणे आणि अंदाज देणे हेच आपले संरक्षण. दिवे संध्याकाळच्या आधीच लावा, पुढे पांढरा आणि मागे लाल. उभ्या मोटारींपासून एक मीटर अंतर ठेवा. अचानक उघडलेले दार अनेकांना पाडते. अगदी कडेला चिकटून चालवले तर मागची गाडी जागा नसतानाही घुसते आणि कडेच्या वाळूत चाक घसरते. वळताना आधी मागे बघा, मग हात दाखवा, मग वळा. डोक्यावर हेल्मेट हवे. सायकलसाठी ईएन १०७८ हे युरोपीय मानक लिहिलेले, आणि ई-स्कूटरसाठी आयएस ४१५१ चा शिक्का असलेले घ्या.

जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता यांसारख्या एकेरी रस्त्यांवर जवळचे अंतर उलट दिशेने कापण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नका. सायकलवरून उतरा आणि कडेने ढकलत चालत जा. शंभर मीटर चालायला दीड मिनिट लागते, आणि हलके वाहन घेतल्याचा हाही एक फायदा आहे.

पावसाळ्यात लोखंडी झाकणे, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि ओली माती यांवर ब्रेक लावू नका, त्याआधीच वेग कमी करा. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नसेल तर उतरून जा. रस्त्याच्या दिशेने पट्ट्या असलेल्या गटारांच्या जाळ्यांत सायकलचे चाक अडकते. अशी जाळी दिसली तर फोटो काढून पीएमसी केअर ॲपवर किंवा आपल्या महापालिकेकडे तक्रार नोंदवा. ती पट्टी आडवी झाली तर उद्या एखाद्या मुलाचे हाड वाचेल.

रोजची निगा

आठवड्यातून एकदा पंपाने हवा भरा; किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेले असते. हवा कमी असलेली सायकल जड जाते आणि पंक्चरही जास्त होते. महिन्यातून एकदा चेन फडक्याने पुसून दोन-चार थेंब तेल द्या, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. ब्रेकचा दांडा हँडलला टेकत असेल तर त्याच दिवशी आवळून घ्या. बॅटरीच्या गाडीवर प्रेशरचा पाइप मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कुलपासाठी चांगले पोलादी यू-लॉक घ्या आणि फक्त चाक नव्हे, फ्रेम स्थिर खांबाला बांधा.

लांबचा प्रवास असेल तर हलके वाहन आणि सार्वजनिक वाहतूक यांची जोडी लावा. पुणे मेट्रोत सायकल सोबत नेण्याची मुभा आहे. गर्दीच्या वेळी मात्र स्टेशनवर आधी विचारा. घडीची सायकल असेल तर हे काम आणखी सोपे.

सुरुवात कशी करावी

लगेच खरेदी करू नका. नातेवाइकांकडे किंवा शेजारी वापरात नसलेली एखादी सायकल नक्की असेल. ती मागून आणा, सायकलवाल्याकडून ट्यूब, ब्रेक आणि चेन नीट करून घ्या आणि वहीत लिहिलेल्या फेऱ्यांपैकी सर्वांत सोप्या दोन फेऱ्या पंधरा दिवस तिच्यावर करा. पंधरा दिवसांनी तुम्हाला कळेल की अडचण चढाची आहे, सामानाची आहे, की सायकल लावायच्या जागेची. त्या उत्तरावरून साधी सायकल, बॅटरीची सायकल किंवा ई-स्कूटर यांपैकी एक निवडा. मुलगा कॉलेजला जाऊ लागला म्हणून घरात आणखी एक पेट्रोलची गाडी घेण्याचा बेत असेल, तर तो या पंधरा दिवसांपुरता पुढे ढकला. एका घराने असा निर्णय घेतला की त्या गल्लीतली एका गाडीची जागा मोकळी राहते, आणि चालणाऱ्या आजी-आजोबांना, शाळेत जाणाऱ्या मुलांना तेवढा रस्ता परत मिळतो.